आधी कॉपीराइट, मग बिल्ड

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर लगेच कळेल. नोंदी आणि पीडीएफ एकत्र ठेवणारा एक छोटा प्रोग्राम तुम्हाला आवडला. लिहिणारा दुसराच कोणी. तुम्ही वीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहून त्याची डेब फाइल (डेबियन या लिनक्स वितरणावर बसवायचं पॅकेज) बनवली, ती तुमच्या मशीनवर नीट बसते, चालते. आता तो प्रोग्राम डेबियनच्या संग्रहात जावा अशी इच्छा आहे. रीडमीच्या तळाशी 'लायसन्स: एमआयटी' एवढंच लिहिलंय. पीडीएफसाठी तो पॉप्लर ही लायब्ररी वापरतो. तारखा वाचणारी एक फाइल दुसऱ्या प्रकल्पातून उचललेली आहे, तिच्या डोक्यावर अपाचे २.० या लायसन्सचं नाव आहे. ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या भागात दाबून एका ओळीत बसवलेली जावास्क्रिप्ट, एक फॉन्ट, आणि 'फ्री आयकॉन' म्हणून कुठूनतरी उतरवून घेतलेली चाळीस चित्रं. एवढ्यावर पॅकेज होईल का, आणि लायसन्सचं प्रकरण किती गंभीर आहे?

पॅकेज होईल. प्रकरण गंभीर आहे, पण अवघड नाही; कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच सगळे ते शेवटावर ढकलतात. मीही ढकललं होतं. पहिल्या पॅकेजच्या वेळी बिल्ड, मॅन पेज, चाचण्या यांत दोन आठवडे घातले आणि कॉपीराइट फाइल, म्हणजे कुठली फाइल कोणाची आणि कुठल्या लायसन्सची याची यादी, शेवटच्या रात्री दहा मिनिटांत खरडली. 'सगळ्या फाइली, लेखक अमुक, लायसन्स तमुक.' बरेच दिवस रांगेत थांबून पॅकेज परत आलं. एका आतल्या फोल्डरमध्ये चेकसम काढणारी एक फाइल होती, ती तिसऱ्याच माणसाची, वेगळ्या लायसन्सची, आणि माझ्या यादीत तिचा पत्ता नव्हता. चूक पूर्ण माझी. तेव्हापासून मी नवीन पॅकेजचं पहिलं काम म्हणून कॉपीराइट फाइल लिहितो. रूल्स, कंट्रोल वगैरे पॅकेजच्या बाकीच्या फाइली नंतर.

यामागचं कारण डेबियनच्या रचनेत आहे. संग्रहात पहिल्यांदाच येणारं प्रत्येक पॅकेज 'न्यू' नावाच्या रांगेत थांबतं आणि संग्रह सांभाळणाऱ्या एफटीपी टीममधला माणूस सोर्स उघडून बघतो. बिल्ड होतं की नाही हे यंत्र सांगू शकतं. कुठली फाइल कोणाची आणि ती वाटायचा हक्क आपल्याला आहे का, हे यंत्राला नीट सांगता येत नाही, म्हणून माणसाची नजर मुख्यतः तिथेच जाते. तुमची चालणारी डेब फाइल त्याच्या दृष्टीने अजून सुरुवातही नाही.

आता एकेक घेऊ.

'लायसन्स: एमआयटी' ही ओळ म्हणजे लायसन्स नव्हे, लायसन्सचं नाव आहे. एमआयटीचा मजकूर छोटासा असतो आणि त्याची अट एकच: कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत द्या. तुमच्याकडे दोन्ही नाहीत, मग सोबत देणार काय? शिवाय 'एमआयटी' या एकाच नावाने थोडेथोडे वेगळे मजकूर वावरतात; म्हणूनच डेबियनच्या कॉपीराइट फाइलमध्ये नेहमीच्या मजकुराला 'एक्सपॅट' म्हणतात. उपाय सोपा: लेखकाला पत्र लिहा की संपूर्ण मजकूर, साल आणि नाव असलेली लायसन्स फाइल सोर्समध्ये टाका. फाइल तयार करून पाठवली तर त्याचं काम आणखी हलकं होतं, पण ती स्वीकारून सोर्समध्ये घालायचं काम त्यानेच केलं पाहिजे. तुम्ही स्वतःच्या पॅचमध्ये (सोर्सवर केलेल्या बदलांच्या फाइलमध्ये) घातलेलं लायसन्स हे त्याने दिलेलं लायसन्स होत नाही. नवीन आवृत्ती लवकर काढायची त्याची तयारी नसेल तर त्याचं पत्रातलं स्पष्ट उत्तर कॉपीराइट फाइलमध्ये शब्दशः चिकटवता येतं, तेवढ्यावर काम चालतं.

पत्राचा सूर महत्त्वाचा. 'तुमचं लायसन्स बेकायदेशीर आहे' अशी सुरुवात केलीत तर उत्तर येणार नाही, आणि आलं तरी कडू येईल. 'तुमचा प्रोग्राम मी वापरतो, तो डेबियनमध्ये न्यायचा आहे, त्यासाठी एका फाइलची गरज आहे' एवढं पुरतं. माझ्या अनुभवात लायसन्सचे बहुतेक पेच अशा चार ओळींच्या पत्राने सुटले आहेत. बहुतेक लेखकांना लपवायचं काही नसतं, त्यांनी त्याकडे लक्षच दिलेलं नसतं.

आयकॉनचं मात्र पत्राने भागेलच असं नाही. मराठीत आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' असे दोन वेगळे शब्द आहेत ही खरं तर मोठी सोय, पण फाइलवर 'फ्री' लिहिलेलं असलं की आपणही घसरतो. त्या संचासोबतची छोटी टेक्स्ट फाइल उघडून बघा. नव्वद टक्के खात्रीने सांगतो, तिथे 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' किंवा 'व्यावसायिक वापर नको' असं काहीतरी असेल. ते फुकट आहे, मुक्त नाही. डेबियनने १९९७ साली सामाजिक करार स्वीकारला, त्यात मुक्त सॉफ्टवेअरची दहा मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पुढच्याच वर्षी आलेली 'ओपन सोर्स'ची व्याख्या त्यांवरूनच बेतलेली. त्यातलं सहावं तत्त्व सांगतं की कुठल्या कामासाठी वापरता येईल यावर लायसन्सने बंधन घालू नये. व्यवसायाला बंदी, लष्कराला बंदी, अमुक क्षेत्राला बंदी, हेतू कितीही चांगला असो, चालत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या प्रकारांत 'अव्यावसायिक' हा शब्द आहे ते सगळे इथेच गळतात; 'बदल नको' म्हणणारे तिसऱ्या, बदलाची मुभा मागणाऱ्या तत्त्वावर गळतात.

सहाव्या तत्त्वाचं माझं आवडतं उदाहरण जेसन या डेटा लिहिण्याच्या स्वरूपाचं आहे. ते स्वरूप मांडणाऱ्या डग्लस क्रॉकफर्ड यांनी आपल्या कोडच्या लायसन्समध्ये एक वाक्य घातलं: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. वाचून कोणीही हसून मान डोलवेल. पण 'वाईट' ठरवणार कोण? हे वापरावरचं बंधनच आहे, त्यामुळे डेबियन ते मुक्त मानत नाही, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनही मानत नाही. त्या एका वाक्यापायी पीएचपी या भाषेचा जेसन भाग डेबियनमध्ये दुसऱ्या कोडने बदलावा लागला. म्हणून लायसन्स ओळखीचं वाटलं तरी शेवटपर्यंत वाचायचं. विनोद बहुधा शेवटच्या परिच्छेदात असतात.

तर आयकॉन काढावे लागतील. इथे नवखे लोक एक हमखास चूक करतात: बिल्डच्या वेळी ते फोल्डर पुसून टाकतात आणि समजतात की सुटलो. डेबियन फक्त तयार पॅकेज वाटत नाही, सोर्सचा मूळ टारबॉलही (सगळ्या फाइलींचा एकत्र गठ्ठा) वाटतं. आयकॉन त्यात राहिले तर ते वाटले गेलेच. म्हणून टारबॉलच नव्याने बांधायचा. कॉपीराइट फाइलच्या पहिल्या परिच्छेदात 'फाइल्स-एक्सक्लूडेड' असं क्षेत्र असतं, तिथे ते फोल्डर लिहिलं की यूस्कॅन नावाचा प्रोग्राम नवीन आवृत्ती उतरवताना आपोआप ते वगळून टारबॉल बांधतो, आणि आवृत्तीच्या क्रमांकाला '+डीएफएसजी' (त्या मार्गदर्शक तत्त्वांचं इंग्रजी लघुरूप) हे शेपूट लागतं. ते बघूनच कळतं की मुक्त नसलेलं काहीतरी इथून काढलंय. बदली चित्रांसाठी टँगोचा संच सार्वजनिक मालकीत आहे, नोम या डेस्कटॉपचा अद्वैता संचही डेबियनमध्ये आहेच. लेखकाला हेच बदल मूळ प्रकल्पात करायला पटवलंत तर उत्तम. मग दर आवृत्तीला टारबॉल सोलत बसावं लागणार नाही.

जावास्क्रिप्टचा अडथळा वेगळा. तिचं लायसन्स बहुधा ठीक असेल, पण दाबलेली फाइल हा सोर्स नव्हे. जीपीएल (बदललेला कोडही त्याच अटींवर वाटायला लावणारं मुक्त लायसन्स) सोर्सची व्याख्या 'बदल करण्यासाठी ज्या रूपाला पसंती दिली जाते ते रूप' अशी करते, आणि सगळ्या व्हेरिएबलची नावं एका अक्षराची केलेली, दहा हजार अक्षरांची एक ओळ कोणी हौसेने संपादित करत नाही. जीपीएल नसली तरी डेबियनला हीच कसोटी लागते. आधी बघा, ती लायब्ररी डेबियनमध्ये स्वतंत्र पॅकेज म्हणून आहे का. जेक्वेरी असेल तर आहेच. सोबत आलेली प्रत काढा आणि त्या पॅकेजवर डिपेंडन्सी (ते सोबत लागतंच अशी नोंद) ठेवा. यात सुरक्षेचाही फायदा आहे: उद्या लायब्ररीत भोक सापडलं तर एकाच ठिकाणी बुजवलं की झालं, पन्नास पॅकेजांतल्या पन्नास प्रती शोधत फिरायला नको. पॅकेज नसेल तर न दाबलेला मूळ सोर्स मिळवा आणि दाबायचं काम बिल्डमध्येच करा.

फॉन्टचं लवकर उरकतं. बहुतेक मुक्त फॉन्ट एसआयएलच्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली असतात, ते डेबियनला चालतं. एकच बघायचं: 'राखीव नाव' दिलंय का. दिलं असेल आणि तुमच्या लेखकाने अक्षरं छाटून फाइल लहान केली असेल, तर तो बदललेला फॉन्ट झाला, त्याला ते नाव लावता येत नाही. जावास्क्रिप्टसारखंच इथेही, डेबियनमधला फॉन्ट वापरणं सगळ्यांत बरं.

नावाचा विषय निघालाच आहे तर: कोडचं लायसन्स आणि नावाचा ट्रेडमार्क या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत. फायरफॉक्सचा कोड मुक्त, पण नाव आणि बोधचिन्ह वापरायच्या अटींवरून २००६ साली डेबियनने तोच ब्राउझर 'आइसवीझल' नावाने द्यायला घेतला. २०१६ मध्ये तोडगा निघून जुनं नाव परत आलं. तुमच्या प्रोग्रामला याची झळ लागेल असं वाटत नाही.

आता खरा विचार करायला लावणारा भाग: लायसन्सं एकमेकांशी जुळतात का. मी वकील नाही, पण पॅकेज करणाऱ्याला एवढं यायला हवं. एमआयटीचा कोड जीपीएलच्या लायब्ररीशी जोडायला हरकत नाही. लेखकाचा सोर्स एमआयटीच राहतो, पण जोडून तयार झालेला प्रोग्राम एकूण जीपीएलच्या अटींवर वाटावा लागतो. पॉप्लर जीपीएल २ किंवा ३ खाली आहे. आणि इथे ती तारखांची फाइल मध्ये येते. अपाचे २.० मधल्या पेटंटविषयीच्या अटी जीपीएल २ शी जुळत नाहीत, जीपीएल ३ शी जुळतात. पॉप्लर दोन्हींची मुभा देतं, म्हणून तुम्ही जीपीएल ३ चा रस्ता धरायचा आणि सुटायचं. तीच लायब्ररी 'फक्त जीपीएल २' असती तर दोन्हींपैकी एक काढावं लागलं असतं.

त्याआधी एक साधी गोष्ट तपासा: तुमचा प्रोग्राम पॉप्लरशी खरोखर जोडला जातो, की पीडीएफमधून मजकूर काढणारी तिची आज्ञा वेगळी प्रक्रिया म्हणून चालवतो? दुसरं असेल तर साधारणपणे ते दोन स्वतंत्र प्रोग्राम मानले जातात आणि ही सगळी जुळवाजुळव लागतच नाही.

'फक्त' आणि 'किंवा नंतरची' या शब्दांवर लोकांनी किती रात्री घालवल्यात ते विचारू नका. रीडलाइन ही लायब्ररी २००९ मध्ये ६.० आवृत्तीपासून जीपीएल ३ वर गेली आणि 'फक्त २' म्हणणारे प्रोग्राम तिच्या नव्या आवृत्तीपासून तुटले. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या जुन्या लायसन्समध्ये जाहिरातीविषयीचं कलम होतं, त्यापायी जीपीएलच्या प्रोग्रामांना वर्षानुवर्षं खास सवलतीचा मजकूर मागावा लागे; २०२१ मध्ये आवृत्ती ३.० अपाचे २.० खाली आली तेव्हा तो ताण बराच हलका झाला. आणि हे लक्षात असू द्या की सोर्समधली कॉपीइंग फाइल फक्त जीपीएलचा मजकूर देते, 'फक्त' की 'किंवा नंतरची' हे सांगत नाही. ते प्रत्येक फाइलच्या मथळ्यात किंवा रीडमीत शोधायचं. आवृत्ती कुठेच सांगितलेली नसेल तर खुद्द जीपीएलच म्हणते की आजवर प्रसिद्ध झालेली कुठलीही आवृत्ती निवडा.

हे सगळं शोधायचं कसं? लायसन्सचेक हा प्रोग्राम चालवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तो मथळे वाचतो; चित्रं, फॉन्ट, आणि 'हा भाग अमक्याच्या कोडवरून घेतला' अशा मधल्याच टिपण्या त्याच्या हाताला लागत नाहीत. मी त्यानंतर संपूर्ण सोर्समध्ये 'कॉपीराइट', 'लायसन्स' आणि लेखकांच्या ईमेलमधलं ॲट चिन्ह ग्रेप या शोधायच्या आज्ञेने शोधतो. ईमेलची युक्ती साधी आहे, पण उचललेला कोड तिनेच सर्वांत जास्त पकडला जातो. मग यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात कॉपीराइट फाइल लिहायची: वर सर्वसाधारण परिच्छेद, खाली अपवाद, कारण एका फाइलला अनेक परिच्छेद जुळले तर शेवटचा लागू होतो. जीपीएल, अपाचे २.० अशांचा पूर्ण मजकूर प्रत्येक डेबियन मशीनवर सामायिक लायसन्सांच्या फोल्डरमध्ये असतोच, त्याचा संदर्भ पुरतो. एमआयटीचा नसतो, तो पूर्ण उतरवावा लागतो.

त्याच फाइलमध्ये 'डेबियन' फोल्डरसाठीही एक परिच्छेद असतो, म्हणजे तुमच्या स्वतःच्या कामासाठी. तिथे मूळ प्रकल्पाचंच लायसन्स लावा. मूळ एमआयटी आणि तुमचे पॅच जीपीएलचे, असं केलंत तर लेखकाला तुमची दुरुस्ती लायसन्स न बदलता घेता येणार नाही. ही चूक मी अनुभवी लोकांकडूनही पाहिली आहे.

बिल्डबद्दल थोडंच सांगतो, कारण ते मॅन्युअलमध्ये नीट दिलेलं आहे. तुमची वीस ओळींची स्क्रिप्ट टाकून द्या. डेबहेल्पर या पॅकेज बांधायच्या साधनाची सध्याची पातळी घेतली तर रूल्स फाइल (बिल्डच्या पायऱ्या सांगणारी) तीन ओळींची होते. स्वतःच्या मशीनवर नाही, एसबिल्डच्या कोऱ्या वातावरणात बांधा. तिथे विसरलेली प्रत्येक डिपेंडन्सी उघडी पडते. बिल्डने इंटरनेटवरून काहीही उतरवता कामा नये. पायथन किंवा नोडच्या प्रकल्पांना ही सवय असते, ती मोडावी लागते. पॅकेज तपासणाऱ्या लिंटियनचे इशारे वाचा. सगळेच मानायचे असं नाही, पण न मानण्याचं कारण देता आलं पाहिजे.

पॅचविषयी मात्र थांबून बोलायला हवं. प्रत्येक पॅचच्या माथ्यावर तो कशासाठी, आणि लेखकाकडे पाठवला का, हे लिहा. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये मेमरी तपासणाऱ्या साधनाचा इशारा घालवण्यासाठी कोडमधल्या ओळी बंद केल्या गेल्या. त्यामुळे यादृच्छिक संख्या बनवताना प्रक्रियेचा क्रमांक एवढंच बीज उरलं, म्हणजे फार तर ३२,७६८ शक्यता. २००८ च्या मे महिन्यात ते उघड झालं तेव्हा त्या काळात बनलेल्या असंख्य किल्ल्या फेकून द्याव्या लागल्या. हेतू स्वच्छ होता, पॅच छोटा होता. इशारा गप्प करायला कोड बदलण्याची वेळ आली की मी आजही हात आखडता घेतो.

टारबॉलकडेही तशाच संशयाने बघायचं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांमध्ये मागचं दार, म्हणजे लपवलेली चोरवाट, सापडलं. ते चालू करणारा तुकडा कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिट रिपॉझिटरीत नव्हता, प्रकाशित टारबॉलमध्ये होता. प्रोग्रामर आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने आत जायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून ते उघडकीला आलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते पोहोचलं नव्हतं, चाचणी शाखांत पोहोचलं होतं. म्हणून तुमच्या टारबॉलची गिटमधल्या त्याच आवृत्तीच्या टॅगशी तुलना करा, किंवा सरळ टॅगवरूनच टारबॉल घ्या.

कागदपत्रांचा रस्ता असा: डब्ल्यूएनपीपी (हव्या असलेल्या आणि होऊ घातलेल्या पॅकेजांची यादी) नावाखाली आधी शोधा, हे पॅकेज करतोय असं कोणी आधीच जाहीर केलंय का. नसेल तर आयटीपी (पॅकेज करायचा इरादा) नावाचा बग नोंदवा आणि चेंजलॉगमध्ये तो बंद करा. तुम्हाला थेट अपलोडचा अधिकार नसल्यामुळे प्रायोजक लागेल. सगळ्यांना सरसकट विचारण्यापेक्षा त्या भाषेची टीम गाठा. पायथन टीम, जावास्क्रिप्ट टीम अशा आहेत, आणि तिथे तुमची कॉपीराइट फाइल रांगेत जाण्याआधीच कोणीतरी बघून देतं. आयकॉनचा कंटाळा येऊन 'नॉन-फ्री विभागात टाकू का' असं मनात येईल. नका टाकू. तो विभाग अधिकृतरीत्या डेबियनचा भागच नाही, आणि सुरक्षा टीम त्याची जबाबदारी घेत नाही. चाळीस चित्रांसाठी एवढी किंमत मोजायची?

पॅकेज आत गेल्यावर दर नव्या आवृत्तीला कॉपीराइट फाइल पुन्हा तपासायची. लायसन्स बदलू शकतं; रेडिस हे डेटा साठवणारं सॉफ्टवेअर २०२४ च्या मार्चमध्ये बीएसडी हे मुक्त लायसन्स सोडून बंधनं घालणाऱ्या लायसन्सांवर गेलं, जुन्या मुक्त कोडवरून वाल्की नावाचा वेगळा प्रकल्प उभा राहिला, आणि पुढच्या वर्षी रेडिसने एजीपीएल या मुक्त लायसन्सचा पर्याय परत दिला. आधी दिलेलं लायसन्स जुन्या आवृत्तीसाठी तसंच राहतं, पण नव्या आवृत्तीत काय आलंय हे तुम्हालाच पाहावं लागतं. मी जुन्या-नव्या सोर्समधला फरक काढून नवीन आलेल्या फाइलींचीच यादी आधी वाचतो. दोन वर्षांनी हे जमेनासं झालं तर पॅकेज अनाथ म्हणून जाहीर करायची रीतसर सोय आहे, त्यात कमीपणा नाही. कोणाला न सांगता गप्प होणं मात्र वाईट, कारण मग दुसरा कोणी हात लावायला धजत नाही.

लेखकाने पत्राला उत्तरच दिलं नाही तर? महिन्याने एक आठवण करा, प्रकल्पाच्या बग नोंदीतही विचारा. तरीही शांतता असेल तर तो प्रोग्राम डेबियनमध्ये जाणार नाही, कारण लायसन्सचा मजकूर नाही म्हणजे सगळे हक्क राखीव. तुमच्या मशीनवरची डेब फाइल तुमच्यापुरती खुशाल वापरा.